राउटरचा लोड आणि मोहिउद्दीनचे कॅमेरे

सोमवार, ३ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, "दौलतशेठ, ओरडावंसं वाटलं की ओरडू नका, लिहून काढा. बीपीला बरं." एका ट्रान्सपोर्टवाल्याने जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडली होती. तिला आज मुहूर्त लागला.

ओरडण्याचं कारण म्हणजे आमचा राउटर. मी आणि मोहिउद्दीन केबलच्या दिवसांपासूनचे भागीदार. आधी घरोघरी टीव्हीची केबल टाकायचो, आता इंटरनेट टाकतो. पूर्णा गावातली घरं, शेजारच्या वळ गावापर्यंतच्या गोदामांची ऑफिसं, भिवंडी शहरातले कापडाच्या लूमचे काही शेड, या सगळ्यांचं नेट माझ्या घराच्या तळमजल्यावरच्या ऑफिसातून, एका राउटरमधून जातं. राउटर म्हणजे नाक्यावर उभा असलेला हवालदार. कुठून आलं, कुठे जायचंय ते बघतो आणि पुढे सोडतो. दिवाळीआधी आम्ही मोठी फायबरची लाइन घेतली, जुनी काढून टाकली, गावात पेढे वाटले. दिवाळी सरली आणि हवालदाराला घेरी आली. त्याच्या डोक्यावर किती भार आहे ते स्क्रीनवर आकड्यात दिसतं. पूर्वी पंधरा-वीस टक्के असायचा. आता शंभर.

नेट रांगतंय. लोक फोन करतात, मी राउटर बंद करून चालू करतो, नेट धावायला लागतं, मी चहा पितो. चहा संपतो न संपतो तोच पुन्हा शंभर.

पण मी शोधून काढीन. या धंद्यात माझे केस पांढरे झालेत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

निदान झालं. उष्णता. राउटरला हात लावून पाहिला तर चांगलाच गरम. आमच्या खोलीतला टेबल फॅन खाली आणून त्याच्यासमोर ठेवला. माझी बायको, मृणालीची आई, दारात येऊन उभी राहिली.

"घरच्या मानसांना पंखा न्हाय, आनी या डब्याला हाय."

या बाईला तांत्रिक गोष्टी समजावून सांगण्यात अर्थ नाही.

मृणालीही डोकावली. माझी मुलगी ऐरोलीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते, आठवड्यातले दोन दिवस घरून. म्हणाली, "पप्पा, लोड म्हणजे ताप नाही, लोड म्हणजे काम. तो एवढं कसलं काम करतोय ते आधी बघा ना." मी म्हटलं, बाळा, कंपनीतलं वेगळं, लाइनीवरचं वेगळं. ती वर निघून गेली. समजूतदार पोर आहे.

मोहिउद्दीनही आला होता. गेल्या वर्षापासून तो लूमच्या शेडात आणि गोदामांत कॅमेरे बसवतो. मालक घरी बसून फोनवर शेड बघतो आणि ते चित्र आमच्याच राउटरमधून जातं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग विचारलं, "दौलत, माझ्या कॅमेऱ्यांचा तर भार नसेल ना रे?" माझ्या तोंडात चिकटपट्टी होती आणि हातात फॅनची वायर. त्याने काय विचारलं ते मी धड ऐकलंही नाही. "असेल, असेल," म्हटलं. तो उठला, स्कूटरची किल्ली घेतली आणि "आलो" म्हणून गेला, तो दिवसभर फिरकला नाही. इकडे लोड शंभर आणि भागीदार फिरायला. ओरडलो नाही. लिहिलं.

फॅनने काही फरक पडला नाही. बहुधा छोटा पडतोय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज सापडलं! सविस्तर लिहितो.

सकाळी शहरातल्या एका लूमवाल्याचा फोन आला. "शेठ, मंगळवारपासून शेडचा कॅमेरा काळा दिसतोय. मोहिउद्दीनभाईंना विचारलं तर म्हणतात, थोडे दिवस थांबा. किती थांबायचं? वर मी चार शब्द बोललो तर ऐकून घेतात, उलटून बोलतही नाहीत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅमेऱ्यांचा भार इतका वाढलाय की त्यांचंच चित्र बाहेर पडू शकत नाही! कॅमेऱ्यांची सगळी चित्रं जमा करणारा मोहिउद्दीनचा एक डबा आमच्या ऑफिसातच असतो. त्याची वायर मी उपसून काढली आणि लगोलग राउटर बंद करून चालू केला. लोड चौदा! चौदा टक्के!

मृणाली जिन्यावरून म्हणाली, "पप्पा, एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर कशामुळे कमी झालं ते कसं कळणार?"

मी म्हटलं, "कमी झालं ना? मग झालं तर."

मोहिउद्दीनला फोन लावून सांगितलं, तुझ्या कॅमेऱ्यांनी घात केला, मी पुराव्यानिशी सिद्ध केलंय. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता कमी झाला का लोड?" मी म्हटलं, झाला. "मग ठीक आहे," म्हणाला आणि फोन ठेवला. अपराध्याला बोलायला काही उरत नाही, तसं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पुन्हा शंभर.

डबा तर माझ्यासमोर वायर काढून पडलाय. मग कॅमेरे कुठून चालतायत? विचार करकरून एकच उत्तर सापडलं. मोहिउद्दीनने ते मला न सांगता दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने जोडले असणार.

तो नाक्यावरच्या टपरीवर चहा पीत होता. तिथेच गाठला. आजूबाजूला ड्रायव्हर लोक होते, गावातली दोन-चार माणसं होती, पण मी कुणाला घाबरत नाही. म्हटलं, "मोहिउद्दीन, तुझ्या त्या कॅमेऱ्यांपायी माझा धंदा बुडवतोस काय?"

त्याने ग्लास खाली ठेवला.

"तुझा धंदा?" एवढंच म्हणाला.

मग ऑफिसात आला, खिशातून त्याच्याकडची ऑफिसची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि गेला. आवाज चढवला नाही की काही नाही. कॅमेऱ्यांबद्दल चकार शब्द बोलला नाही, 'तुझा' या शब्दावर मात्र अडून बसला. एवढ्या साध्या वाक्यात लागण्यासारखं काय होतं, मला कळत नाही.

मृणालीची आई विचारत होती, "मोहिउद्दीनभाऊ जेवाला का न्हाय थांबला?" शनिवारी तो आमच्याकडे जेवतो. मी म्हटलं, त्याला काम होतं. तिने त्याच्यासाठी काढून ठेवलेलं सुकटाचं कालवण परत झाकलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला दुसरी भाकरी गेली नाही. कालवणात मीठ जास्त असावं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट.

मोहिउद्दीन आला नाही. त्यामुळे सगळे फोन मीच घेतले. इतकी वर्षं मशीनचं मी बघतो, माणसांचं तो. त्याचं काम सोपं आहे असं मी समजत होतो. ग्राहक ओरडला की तो म्हणायचा, "अरे भाई, नेट गेलंय ना, मग दहा मिनटं बायकोशी बोल, ती पण खूश होईल," आणि समोरचा हसायचा. मी आज तेच वाक्य एकाला ऐकवून पाहिलं. त्याची बायको गेल्या वर्षी सोडून गेलेली निघाली.

दुपारी ठरवलं, आता पाळतच ठेवायची. राउटरला आज्ञा दिली की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेव, एकही सोडू नको. आणि ते सगळं ऑफिसातल्या मोठ्या टीव्हीवर लावून समोर बसलो, म्हणजे मोहिउद्दीनचा कॅमेरा दिसला की पकडला. अक्षरं इतक्या वेगाने पळत होती की मला एकही ओळ वाचता आली नाही, पण बघायला भारी वाटत होतं. थोड्या वेळाने अक्षरं थांबली. मला वाटलं, गुन्हेगार सावध झाला. राउटर बंद पडला होता.

तेवढ्यात वळच्या मोठ्या गोदामातून हितेशचा फोन. हितेश तिथला मॅनेजर, आणि ते गोदाम आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे गाडी आत घ्यायची तर गेटपास नेटवरून निघतो. गेटपास निघेना, ट्रकांची रांग रस्त्यावर आली, हमाल सावलीत बसून राहिले. हितेश एरवी मला काका म्हणतो. आज म्हणाला, "दौलतशेठ, या आठवड्यात झालं तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरी लाइन घेतो. दुसऱ्या कंपनीची माणसं कालच खांब बघून गेलीत."

हे गोदाम गेलं की बाजूची दोन जातील, कारण ती हितेशला विचारूनच पाणी पितात. मग आमच्याकडे घरंच उरतील, आणि घरांवर ही मोठी लाइन पोसता येत नाही.

आमच्याकडे, असं लिहिलंय मी. खोडत नाही.

बीपी मोजलं नाही. उगाच कशाला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मृणाली आज घरून काम करत होती. तिच्या साहेबांपुढे काहीतरी मांडत असताना नेट गेलं. परत आलं तेव्हा साहेब निघून गेले होते आणि तिचं काम तिच्याच बाजूला बसणाऱ्या मुलीने मांडून टाकलं होतं.

ती जिना उतरून ऑफिसात आली. पायात चप्पल नाही. सरळ मोहिउद्दीनच्या खुर्चीत बसली.

"पप्पा, सरका."

मी सरकलो. माझ्या ऑफिसात मला 'सरका' म्हणणारी ती पहिलीच.

आधी तिने टीव्ही बंद केला आणि माझी ती नोंद ठेवण्याची आज्ञा काढून टाकली. "एक तर तो दमलाय, त्यात तुम्ही त्याला प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायला लावलीत. तुम्ही बघत बसलात म्हणून तो पडला." मी म्हटलं, मलाही डॉक्टरांनी लिहायलाच सांगितलंय, मला बरं वाटतं. ती हसली नाही.

मग तिने एक पान उघडलं. राउटरमध्ये असं पान आहे हे मला ठाऊक होतं, फक्त कधी उघडलं नव्हतं. कुठल्या कामावर किती डोकं खर्च होतंय ते त्यात दिसतं. लाइनीवरून ग्राहकांचा माल नेहमीइतकाच चालला होता, उलट थोडा कमीच. पण एकाच कामाने सगळं डोकं खाल्लं होतं. पत्ते सांगण्याचं काम.

मृणालीने समजावलं ते असं. आपण फोनवर एखाद्या साइटचं नाव टाकतो, तेव्हा आधी तिचा पत्ता विचारावा लागतो. आपल्या ग्राहकांना तो पत्ता आपला राउटर सांगतो. छोटासा प्रश्न, छोटंसं उत्तर. "आता बघा हे प्रश्न कोण विचारतंय," म्हणाली आणि यादी दाखवली. एकही आपला ग्राहक नाही. सगळे बाहेरचे. कुठले कुठले देश! लबाड लोक असे उघडे राउटर हुडकत असतात म्हणे. त्यांना प्रश्न विचारायचा आणि उत्तरं तिसऱ्याच कुणाच्या दारात नेऊन ओतायची, म्हणजे तो गुदमरतो.

"म्हणजे आपला राउटर सगळ्या दुनियेला उत्तरं देत बसलाय?"

"हो. कुणीही विचारलं की देतो. त्याला नाही म्हणता येत नाही."

"पण बाहेरच्यांना बंदी घातली होती ना आपण? मी स्वतः नियम लिहिला होता."

"लिहिला होता. वाचा."

नियम वाचला. पोर्ट नंबर एकमधून, म्हणजे वायर खोचायच्या पहिल्या खाचेतून, आलेल्या कुणाच्याही प्रश्नाला उत्तर देऊ नये. नियम अगदी बरोबर आहे. फक्त पोर्ट नंबर एकमध्ये दिवाळीआधी जुनी लाइन होती. नवी फायबरची लाइन दुसऱ्या पोर्टात आहे. आम्ही दार बदललं आणि कुलूप जुन्या दारालाच राहिलं. ते दार तर आता भिंतीत उघडतंय.

मृणालीने नियमात एक शब्द बदलला. आम्ही दोघं आकड्याकडे बघत राहिलो. शंभर. एक्क्याण्णव. चाळीस. नऊ.

नऊवर तो उभा राहिला आणि हलला नाही. मी रिस्टार्टसुद्धा केला नव्हता.

"मग मी चालू-बंद केल्यावर कमी कसा व्हायचा?"

"तेवढ्या वेळात आपले ग्राहक तुटलेले असायचे आणि बाहेरच्यांनाही वाटायचं हा मेला. ते पुढे जायचे, मग पुन्हा शोधत यायचे. कॅमेऱ्यांच्या दिवशीही तुम्ही तेच केलंत. वायर काढलीत आणि रिस्टार्टही केलात."

मी म्हटलं, "म्हणजे कॅमेऱ्यांचा काहीच भार नव्हता?"

ती खुर्चीतून उठली. "ते मोहिउद्दीनचाचांना विचारा," म्हणाली आणि वर गेली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

लोड आठ. हितेशच्या गोदामाचे गेटपास धडाधड निघतायत. त्याचा फोन आला. पुन्हा काका झालोय.

मोहिउद्दीनला फोन करायचा होता, पण सकाळी तो कामात असेल. दुपारी जेवत असेल. संध्याकाळी मेसेज लिहिला: 'राउटर ठीक झाला आहे, कळावे.' पुसला. 'कॅमेऱ्यांचा संबंध नव्हता असे दिसते.' पुसला. मग एक फुलाचं चित्र पाठवलं. त्याने बघितलं. उत्तर नाही.

मृणालीची आई म्हणाली, "टपरीवर बोलताना सगल्या गावाला आयकू गेला. आता आवाज कुठं गेला तुमचा?"

हिला सगळं कोण सांगतं?

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज मोहिउद्दीनच्या घरी गेलो. मृणालीच्या आईने बळेच एक डबा हातात दिला. दार रशिदाभाभीने उघडलं.

"या दौलतभाई. ते नाहीत घरी. गुडघे धरलेत, तर वज्रेश्वरीला गरम पाण्यात पाय सोडून बसायला गेलेत. आठवडाभर खुर्चीत बसून बसून गुडघेच धरणार, दुसरं काय."

मी म्हटलं, भाभी, राउटरचं सापडलं. कॅमेऱ्यांचा दोष नव्हता.

ती म्हणाली, "कसा असेल? कॅमेरे चालू होते कुठे?"

"म्हणजे?"

"त्या मंगळवारीच तर बंद करून आले. तुम्हीच म्हणालात ना, भार असेल, असेल म्हणून? स्कूटर काढली आणि शेडशेड फिरून सगळे बंद करून टाकले. दमून आले घरी. मी म्हटलं, अहो, लोक शिव्या घालतील. तर म्हणतात, घालू देत, दौलतचं बीपी वाढलंय, आधी राउटर सावरू दे."

मी दारातच उभा होतो. भाभी आत या म्हणत होती, माझ्याने आत जाववेना. आत गेलो असतो तर तिने चहा दिला असता, आणि तो कसा प्यायचा असतो अशा वेळी, मला माहीत नाही.

तसाच मोटरसायकल घेऊन वज्रेश्वरीला गेलो. कुंडावर गर्दी होती. मोहिउद्दीन एका कडेला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून बसलेला. मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि शेजारी बसून पाय पाण्यात घातले. पाणी भयंकर गरम होतं. मी ओरडलो. डॉक्टरांनी मना केलंय तरी ओरडलो.

"हळू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "एक एक पाय टाक."

मी एक एक पाय टाकला. मग मी सांगितलं, सगळं. पोर्ट, कुलूप, देश, नऊ टक्के. तो ऐकत होता.

"मृणालीने काढलं?"

"हो."

"वाटलंच."

"मोहिउद्दीन, तू कॅमेरे बंद केले होतेस, तर मला सांगितलं का नाहीस? मी तुला पुराव्यानिशी सांगतोय आणि तू आपला 'ठीक आहे'?"

"तू विचारलंस कधी? तू तर सांगत होतास," तो म्हणाला. "आणि लोड कमी झाला म्हणालास. मला वाटलं, याला बरं वाटतंय ना, मग असू दे माझंच नाव. पण टपरीवर तू 'माझा धंदा' म्हणालास. खांबावर कोण चढत होतं रे इतकी वर्षं? हे गुडघे काय नमाज पढून गेलेत?"

मी म्हटलं, "चुकलो." एवढाच शब्द आला. बोलायला छोटा आहे, पण टपरीपासून कुंडापर्यंत यायला त्याने आठवडा घेतला.

मोहिउद्दीनने पाण्यातले पाय हलवले. मी म्हटलं, "आता परत ये ऑफिसात."

"किल्ली तुझ्याकडे आहे."

मी किल्ली आणली होती. खिशातच होती. घाईने काढायला गेलो आणि ती पाण्यात पडली. मग आम्ही दोघं म्हातारे त्या गरम पाण्यात वाकून किल्ली शोधत होतो, आणि काठावरची एक बाई तिच्या पोरांना सांगत होती की बघा, नीट न्हायला शिका. किल्ली त्यालाच सापडली. मग डबा उघडून तिथेच जेवलो. सुकटाचं कालवण होतं. मिठाचं प्रमाण आज बरोबर होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मोहिउद्दीन सकाळपासून शेडशेड फिरून कॅमेरे चालू करतोय. मी बरोबर गेलो होतो. एका लूमवाल्याने मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. मोहिउद्दीनने ते बघितलं आणि पुढच्या शेडकडे स्कूटर वळवली.

दुपारी हितेश ऑफिसात आला. त्याला गोदामभर कॅमेरे हवेत, गेटपासून मागच्या फाटकापर्यंत. आजवर आम्ही कुठेच एवढे बसवले नाहीत. मोहिउद्दीन म्हणाला, "दौलतला विचारून सांगतो." मी तिथेच बसलो होतो, तरी म्हणाला.

हितेश गेल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. "लोड वाढेल."

"वाढू दे," मी म्हटलं. "आपलंच काम आहे. बसव."

मग दोघांनी मिळून ठरवलं की आधी राउटरवर किती जागा शिल्लक आहे ते बघू. पासवर्ड टाकला. लागेना. पुन्हा टाकला. मोहिउद्दीनने टाकून पाहिला. लागेना. मृणालीला फोन केला. ती ऐरोलीला ऑफिसात होती.

"पासवर्ड मी बदललाय, पप्पा. काय पाहिजे ते मला सांगा."

"अगं, नुसतं बघायचंय."

"मागच्या वेळीही तुम्ही नुसतंच बघत होतात."

मोहिउद्दीनने फोन माझ्या हातातून घेतला. ग्राहकाला घोळात घेताना वापरतो तो आवाज काढून म्हणाला, "बेटा, मी चाचा. मोठं काम आलंय. आम्ही दोघांनी हो म्हणून टाकलंय."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही दोघं हो म्हणालात ते बरं केलंत. आता मी घरी आले की बघते आणि सांगते."

हितेशला कळवायचंय. आम्ही दोघं दारात खुर्च्या टाकून तिची बस येण्याची वाट बघतोय.